तुझ्या हातात काय आहे?

उपासना संपली आणि दाराशीच पास्टरांनी मला थांबवलं. म्हणाले, ताई, आजारी लोकांना भेटायला जाणारा आपला ग्रुप आहे ना, त्यात तुम्ही याल का? आठवड्याला एक घर, एखादं वचन वाचायचं, प्रार्थना करायची, थोडं बसायचं. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून नाही निघून गेलं, मला नाही जमणार, माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे कितीतरी आहेत. ते हसले नाहीत की आग्रहही केला नाही, फक्त म्हणाले, प्रार्थना करा आणि मग सांगा.

आणि मला प्रार्थनाच करता येईना. कारण डोळे मिटले की एकच दिवस समोर यायचा. मी १४ वर्षांची, मंडळीसमोर वाचायला उभी, माइक चालू, आणि जुन्या करारातल्या एका लांबलचक नावावर जीभ अडकली ती अडकलीच, पुढचं वाक्य सुद्धा वाचता येईना. नंतर कोणीतरी माझ्या आईला म्हणालं, मी शेजारीच उभी होते, की हिला परत उभं करू नका, तिचं काम नाही ते. ज्यांनी म्हटलं ते त्याच संध्याकाळी विसरून गेले असतील. मी मात्र ते वाक्य २० वर्षं सांभाळून ठेवलं, आणि इतकं सांभाळलं की पुढे ते मला माझंच मत वाटायला लागलं.

त्या आठवड्यात मी बायबलमधलं निर्गम हे पुस्तक काढून बसले. मोशेची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, जळत्या झुडपातून देव त्याच्याशी बोलतो वगैरे, पण यावेळी दुसऱ्याच ठिकाणी थांबले. देव म्हणतो, फारोकडे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाकडे जा, आणि मोशे म्हणतो, मी कोण जाणार? आता जरा मागच्या अध्यायात जाऊन बघा, दोन इब्री माणसांचं, म्हणजे त्याच्याच लोकांपैकी दोघांचं भांडण सोडवायला हाच मोशे मध्ये पडला होता तेव्हा त्यातला एक त्याला काय म्हणाला? तुला आमच्यावर अधिकारी आणि न्यायाधीश कोणी नेमलं? त्यानंतर मोशे पळाला, मिद्यान देशात गेला, मेंढरं राखत राहिला, आणि नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीतला स्तेफन सांगतो की मध्ये ४० वर्षं गेली. म्हणजे मला तरी असं वाटतं की झुडपासमोर मोशे जे "मी कोण" म्हणतो ना, ते त्याच जुन्या वाक्याचं उत्तर आहे. कोणी नेमलं तुला? कोणीच नाही. ४० वर्षं ते आत वाजत राहिलं असणार. आणि स्तेफन हेही सांगतो की मिसरात असताना मोशे बोलण्यात आणि कृतीत पराक्रमी होता! तोच माणूस ८०व्या वर्षी म्हणतोय, माझी जीभ जड आहे. हे वाचून मी खूप रडले.

देवाचं उत्तर मात्र मला अपेक्षित होतं तसं नाहीये. अरे तू हुशार आहेस, राजवाड्यात वाढलास, तुला जमेल, असं काहीच तो म्हणत नाही. मोशे विचारतो मी कोण, आणि देव म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. प्रश्न मोशेबद्दल आणि उत्तर देवाबद्दल. आत्मविश्वास वाढवा म्हणून मला आजवर कितीजणांनी सांगितलं आणि मी मनापासून प्रयत्नही केले, पण स्वतःत शोधायचं आणि तिथे काही सापडलं नाही की अजून खचायचं, एवढंच होत राहिलं. इथे तर शोधायची जागाच वेगळी निघाली.

अजून एक. मोशे एकदा नाही, पाच वेळा मागे सरकतो. देव चार वेळा शांतपणे ऐकून घेतो, उत्तरं देतो, खुणा देतो. राग येतो तो पाचव्यांदा, जेव्हा मोशेकडे कारणच उरत नाही आणि तो नुसतं म्हणतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. आणि त्या रागातही देव काय सांगतो, तर तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाय. निघालाय! मोशे इकडे नाही नाही म्हणत होता आणि सोबत वाटेला लागली होती.

मी पास्टरांना फोन करून हो म्हटलं. माझ्यासोबत मंडळीतल्या एक मावशी येणार असं ठरलं, त्या माझ्याआधीच तयार होत्या.

पहिलं घर एका आजींचं. खूप महिने अंथरुणाला खिळलेल्या, बोलणं जवळजवळ थांबलेलं. मावशी त्यांच्या मुलीशी बोलायला आतल्या खोलीत गेल्या आणि मी एकटी पलंगाशेजारी. हात गार पडलेले. घरी पाठ करून आलेली प्रार्थना आठवेना, पर्समधलं बायबल काढायचं पण सुचेना. आणि तेव्हा, खरंच सांगते, देव मोशेला जे विचारतो ते आठवलं, तुझ्या हातात ते काय आहे? मोशेच्या हातात रोजची काठी होती, मेंढरं हाकायची. माझ्या हातात काय होतं तर संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं २३वं स्तोत्र. तेवढंच.

मी आजींचा हात धरला, कातडी अगदी पातळ, खाली शीर हलताना दिसत होती, आणि सुरू केलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. आजींचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, फक्त ओठ. चौथ्या वचनापर्यंत आले आणि माझाच घसा बंद झाला, कारण पुढे मृत्युच्छायेची दरी आहे, आणि ते शब्द या खोलीत, यांच्यासमोर कसे म्हणायचे? मी अडकले. १४ वर्षांची असताना अडकले होते अगदी तशीच.

शांतता. मग आजी बोलल्या, घोगऱ्या, तुटक आवाजात, पण स्पष्ट. कारण तू माझ्याबरोबर आहेस.

पुढचं, ते मेंढपाळाची आकडी आणि काठी धीर देतात ते, आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. मी किती चांगलं म्हटलं, कितीदा थांबले, याचा हिशोब त्या खोलीत कोणीच ठेवत नव्हतं.

भीती गेली का? नाही गेली. आजही बेल वाजवायच्या आधी माझे हात गार पडतात, आणि मोशेची जीभ देवाने हलकी केली असं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही, पण तो गेला.

मागच्या रविवारी मंडळीतली एक मुलगी जवळ आली, कॉलेजला आहे, कधी कोणाशी फारशी बोलत नाही. म्हणाली, ताई, मला पण यायचंय तुमच्याबरोबर, पण मला बोलता येत नाही हं लोकांसमोर, मी नुसती बसले तर चालेल का?

मी म्हटलं, चालेल, तू ये.