रेकी पकडायचा नाद: घरच्या लॅबची तिसरी नोंद

लॅब तीच, हल्ला ओळखायचा सराव करायला उभी केलेली. कर्वेनगरमधल्या फ्लॅटच्या बंद गॅलरीत १६ जीबीचा जुना डेस्कटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), आत डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि परवानग्या सांभाळणारं मशीन म्हणून एक विंडोज सर्व्हर आणि क्लायंट म्हणून दोन विंडोज १०. सगळं चाचणी आवृत्तीवर: सर्व्हरला १८० दिवस, क्लायंटना ९०. गुरुवारी वीज जाणार हे गृहीत धरून स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) बुधवारी रात्रीच घेऊन ठेवतो.

या महिन्याचं लक्ष्य रेकी. घरफोडीच्या बातमीत ‘चोरट्यांनी आधी रेकी केली होती’ असं असतं ना, तीच. फक्त माइटर या संस्थेने हल्लेखोरांच्या पद्धतींचा जो तक्ता केलाय, त्यात बाहेरून केलेली रेकी वेगळ्या खान्यात असते आणि आत शिरल्यावरची चौकशी ‘डिस्कव्हरी’ या खान्यात. मला दुसरी पकडायची आहे. माणूस आत आलाय, हातात एका साध्या कर्मचाऱ्याचं खातं आहे आणि तो विचारत सुटलाय: मी कोण, अ‍ॅडमिन कोण, शेजारी कोणती मशीन आहेत, अँटिव्हायरस कोणता?

हे दिसतं पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजमध्ये कमांड आणि स्क्रिप्ट चालवायच्या साधनाच्या, स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंगमध्ये. नोंदीचा क्रमांक: इव्हेंट ४१०४. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एका जागेवरून सेटिंग लावायची सोय) ते चालू केलं की चालवायला घेतलेला कोड जसाच्या तसा नोंदला जातो. बेस६४ मध्ये, म्हणजे ओळखू न येणाऱ्या अक्षरांत गुंडाळून दिलेली कमांडसुद्धा इथे उलगडलेली मिळते, कारण नोंद होते तोवर पॉवरशेलने स्वतःच ती सोडवलेली असते.

हल्लेखोर म्हणून भाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन पॅटिसवर राजी होतो. पहिल्या रविवारी त्याने पॉवरव्ह्यू हे डोमेनची चौकशी करणारं तयार साधन आणलं आणि विंडोजच्या अँटिव्हायरसने, डिफेंडरने ते दारातच अडवलं. मग त्याने विंडोजच्या पोटातल्याच गोष्टी काढल्या. डिरेक्टरीत (डोमेनमधली खाती, ग्रुप, मशीन यांची नोंदवही) शोध घेणारं एडीएसआयसर्चर वापरायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि डोमेनमधल्या साध्या खात्यालाही तिच्यातलं बरंचसं वाचता येतं. तासाभरात त्याच्याकडे डोमेन अ‍ॅडमिन्सची यादी होती.

मी संध्याकाळी लॉग उघडला, तर सकाळचं काहीच नाही! या लॉगचा मूळ आकार १५ एमबी असतो आणि तो भरला की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. भरला कशाने? मशीनचा नेटवर्क पत्ता विचारणाऱ्या एका साध्या कमांडने. ती ज्या मॉड्यूलमधून (कमांडच्या संचातून) येते, त्याचा कोड पॉवरशेल त्या क्षणी स्वतः तयार करतं आणि तो लांबलचक मजकूर तुकड्यातुकड्यांनी लॉगमध्ये येऊन पडतो. आकार २५६ एमबी केला आणि नोंदी लगेच सर्व्हरकडे पाठवायला लावल्या. नवख्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

आता गंमत. भाच्याने एक फंक्शन लिहून ते लूपमध्ये शेकडो नावांवर चालवलं. लॉगमध्ये फंक्शनचा मजकूर एकदाच. ४१०४ ची नोंद ब्लॉक पहिल्यांदा कंपाइल होतो, म्हणजे चालवण्यासाठी तयार केला जातो तेव्हा होते, दर वेळी नव्हे. म्हणजे ‘तीच कमांड किती वेळा’ हे मोजणारा माझा नियम मुळातच लंगडा होता. तो मोडला आणि नवीन केला: एक मशीन, एक खातं, दहा मिनिटं, आणि त्यात किती वेगवेगळ्या जातींचे प्रश्न विचारले गेले. खाती, ग्रुप, डोमेनचे ट्रस्ट (इतर डोमेनशी असलेलं विश्वासाचं नातं), इतर मशीन, नेटवर्कची मांडणी, अँटिव्हायरस अशा सहा जाती धरल्या. चार झाल्या की घंटा. सुटा प्रश्न कुणीही विचारतो, आयटीवाला तर दिवसभर विचारतो. सगळे एका दमात विचारणारा वेगळा.

लॉग चाळताना एक गोष्ट फारच आवडली. पॉवरशेलची खिडकी उघडून कुणी टाइप करत असेल, तर कमांडच्या मागोमाग ‘प्रॉम्प्ट’ एवढा एकच शब्द असलेली ४१०४ येते. पुढची ओळ दाखवण्यासाठी पॉवरशेल ते फंक्शन हाक मारून चालवतं, त्याची ती खूण. फाइलमधून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती दिसत नाही. शिवाय कमांडचं नाव चुकलं तरी नोंद होते. भाच्याचे तीन चुकलेले प्रयत्न आणि चौथा बरोबर, असे ओळीने सापडले. तो म्हणाला, ‘मामा, हे डिलीट कर.’ केलं नाही. प्रॉम्प्ट दिसला की आता मी जातींच्या मोजणीत एक गुण वाढवून देतो.

पुढची फजिती माझी. रोज सकाळी मशीनची माहिती गोळा करणारी माझी स्वतःचीच स्क्रिप्ट चार जाती ओलांडते, त्यामुळे चहाच्या वेळी घंटा ठरलेली. तिचा फाइलपाथ (फाइल ठेवलेल्या जागेचा पत्ता) नियमातून वगळून टाकला. दुसऱ्या रविवारी भाच्याने त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने स्वतःची फाइल ठेवली आणि निवांत काम उरकलं. फोल्डरवर लिहायची परवानगी सगळ्यांना मीच देऊन ठेवली होती, हेही कबूल करतो. आता पाथ बघत नाही, मजकुराचा हॅश (मजकुरातून काढलेला, अक्षर बदललं की बदलणारा ठसा) बघतो. मोठी स्क्रिप्ट अनेक नोंदींत तुटते, म्हणून आधी एकाच ब्लॉक आयडीचे तुकडे क्रमाने जोडायचे आणि मग हॅश काढायचा. माझा क्रम चुकत होता, कारण आकडे मजकूर म्हणून लावल्यामुळे १० नंबरचा तुकडा २ च्या आधी बसत होता. यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

भोकं अजून आहेत. भाच्याने पॉवरशेलऐवजी विंडोजची जुनी कमांडची खिडकी, सीएमडी, उघडून ग्रुप आणि ट्रस्ट विचारणारे ‘नेट ग्रुप’ आणि ‘एनएलटेस्ट’ चालवले, तर ४१०४ मध्ये अक्षरही नाही. तिथे प्रोसेस (एखादा प्रोग्राम) सुरू झाल्याची नोंद, इव्हेंट ४६८८, लागते, आणि तिच्यात पूर्ण कमांड दिसावी यासाठी आणखी एक पॉलिसी वेगळी चालू करावी लागते. केली. पॉवरशेल २ चं जुनं इंजिन स्क्रिप्ट ब्लॉक नोंदतच नाही, म्हणून ते फीचर दोन्ही मशीनवरून काढून टाकलं.

परवा जाताना भाचा दारात थांबून म्हणाला, ‘मामा, पुढच्या वेळी मी तासाला एकच प्रश्न विचारणार.’ म्हणजे दहा मिनिटांची खिडकी गेली. रात्री बसून खिडकी पूर्ण दिवसाची केली, तर सर्व्हरच्या देखभालीचं खातं दुपारपर्यंतच चार जाती पार करून वाजायला लागलं. सध्या प्रत्येक खात्याने मागच्या दोन आठवड्यांत कोणत्या जातींचे प्रश्न विचारले याची यादी करतोय. त्या खात्याला नवीन असलेली जातच फक्त मोजायची, असा विचार आहे. रविवारपर्यंत यादी तयार हवी, आणि मध्ये गुरुवार आहे.