जाड पिनचा चार्जर

परवा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार वाजवलं आणि एक कागदी पिशवी हातात दिली. आत नोकियाचे जाड पिनचे दोन चार्जर आणि बीएल-५सी बॅटऱ्या. लिफ्टमध्ये कधीतरी मी त्यांना म्हटलं होतं की माझ्याकडचा नोकिया ११०० अजून चालतो, पण चार्जरची वायर हलवून हलवून लावावी लागते. फिनलंडमधल्या या टाम्पेरे शहरात लिफ्टमधलं बोलणं लिफ्टमध्येच राहतं असा माझा आजवरचा अनुभव. यांनी ते लक्षात ठेवलं, मुलीच्या घरातल्या तळघरातून शोधून आणलं, आणि मी 'आत या, कॉफी घ्या' म्हणेपर्यंत जिना उतरूनही गेले. तेव्हापासून डोक्यात फोनच फोन आहेत.

आमच्या घरात पहिला मोबाईल आला तो दादाचा, २००३ साली, रिलायन्सच्या ५०१ रुपयांच्या योजनेतला. तो त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरून आमच्या हाती कधी आलाच नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. खरा घरचा फोन म्हणजे आण्णांचा, माझ्या वडिलांचा, ११००. द्राक्षाच्या हंगामाचे पैसे आले आणि आण्णा तासगावहून सांगलीला जाऊन तो घेऊन आले. आईने आधी हळद-कुंकू वाहिलं, मग बटणं दाबायला परवानगी मिळाली. पुढे प्रत्येक दसऱ्याला कात्र्या, फवारणीचा पंप आणि कोयत्यांच्या शेजारी तो पाटावर मांडलेला असायचा.

आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची. कधी बाराला यायची, कधी दोनला. लाईट आली की उठायचं, विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची, मग बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे. त्या वाटेवर घोणस निघायची, मण्यार निघायची. हातातली बॅटरी नेमकी नको तेव्हा मंद व्हायची, सेल संपलेले असायचे. ११०० आल्यावर आण्णांनी ती बॅटरी खुंटीला अडकवली ती कायमची. त्या फोनचं 'सी'चं बटण दाबून धरलं की डोक्यावरचा छोटा दिवा लागायचा, दोनदा दाबलं की लागलेलाच राहायचा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात काठी. कीपॅडवर अख्खा रबराचा एकच पत्रा होता, त्यामुळे औषधाची पावडर, चिखल, धूळ काहीच आत जायचं नाही. बाजू खरखरीत होत्या, ओल्या हातातून निसटायचा नाही. रात्री चार्जिंगला लावायला लाईट नसली तरी दोन-तीन दिवस सहज निघायचे.

हे सगळं योगायोगाने झालं नव्हतं. २००३ मध्ये बाजारात आलेला हा फोन मुळातच आपल्यासारख्या देशांसाठी आखलेला होता. धूळ, घाम, अंधार आणि अधूनमधून येणारी वीज गृहीत धरून. जगभरात २५ कोटींच्या वर ११०० विकले गेले. पण आकड्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. जिथे नळाचं पाणी थेट प्यायलं जातं, जिथे दिवा गेला तर बातमी होते, त्या फिनलंडमधल्या कंपनीने, नोकियाने, तासगावच्या एका शेतकऱ्याच्या रात्रीचा विचार केला होता. आण्णांचा विचार आपल्या वीज मंडळानेसुद्धा एवढा केला नव्हता.

२००७ च्या ऑगस्टमध्ये बीएल-५सी बॅटऱ्यांची घबराट उडाली होती ते आठवत असेल. ठराविक काळात बनलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंग करताना तापू शकतात असं कंपनीनेच जाहीर केलं होतं, आणि आपल्याकडे 'मोबाईलचा स्फोट' एवढंच सगळीकडे पोचलं. आमच्या गल्लीत लोकांनी फोन अंगणात ठेवून झोपायला सुरुवात केली. आण्णांनी भिंगातून बॅटरीमागचा लांबलचक नंबर वाचला, मी तो वहीत उतरवला आणि पुण्याला गेल्यावर तपासला. आपली बॅटरी त्या यादीतली नव्हती. मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मला ठाऊकच होतं."

माझे स्वतःचे फोन भराभर सांगते. होस्टेलवर आधी कॉइनबॉक्स, मग सेकंडहँड नोकिया १६००, ज्यावरून घरी मिस्ड कॉलच जास्त जायचे. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे तुम्ही लावा. नोकरी लागल्यावर गाण्यांसाठी ५१३० एक्सप्रेसम्युझिक. लग्नात आलेला एक सॅमसंग. आणि मग २०१३ च्या सप्टेंबरात मी फिनलंडला आले, नेमकी त्याच महिन्यात नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं.

ज्या कंपनीत मी रुजू झाले तिथले निम्मे लोक जुने नोकियावाले. त्यांनी हे गावच्या माणसाच्या निधनासारखं घेतलं होतं, म्हणजे कुणी काही बोलत नव्हतं. मी कौतुकाने आण्णांच्या ११०० ची गोष्ट सांगायला गेले की समोरचा माणूस मान हलवायचा आणि कॉफी ओतायला उठायचा. मला तो तुटकपणा वाटायचा. आपल्याकडे कुणी आपल्या हातच्या कामाचं कौतुक केलं तर माणूस खुलतो, चार गोष्टी सांगतो, घरी जेवायला बोलावतो. इथे तसं होत नाही. याची मला सवय झाली आहे, पण आवडलेलं नाही.

टाम्पेरेपासून पंधराएक किलोमीटरवर नोकिया नावाचं गाव आहे. भारतातून पाहुणे आले की पहिली मागणी असते त्या गावच्या पाटीपाशी फोटो. मी नेते. तिथे फोनचं काहीही नाही, टायरचा कारखाना आहे आणि नदी आहे. कंपनीची सुरुवात १८६५ साली झाली तीही टाम्पेरेतल्या लाकडाच्या लगद्याच्या गिरणीपासून, नाव नंतर त्या गावावरून आलं. पण खुद्द टाम्पेरेला अभिमान वाटावा अशी दुसरी गोष्ट आहे. जगातला पहिला जीएसएम, म्हणजे डिजिटल मोबाईल पद्धतीवरचा, कॉल १ जुलै १९९१ ला झाला. हेलसिंकीहून माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी तो केला आणि टाम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांनी उचलला. आपल्याकडे पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी पहिलं मोबाईल संभाषण केलं ते ३१ जुलै १९९५ ला. मधे फक्त चार वर्षं. एवढ्या मोठ्या, एवढ्या अडचणींच्या देशाने चार वर्षांत ते गाठलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत मोबाईल भाजीवाल्यापर्यंत नेला, हे मी इथे दर वेळी सांगते. सांगितलंच पाहिजे.

आता पिशवीवाल्या आजोबांबद्दल. ते सालोच्या कारखान्यात होते. सालो हे दक्षिणेकडचं छोटं शहर, तिथे आधी मोबिरा या कंपनीचे आणि मग नोकियाचे फोन बनत. २०१२ मध्ये तिथली जुळणी बंद झाली, काम आशियात गेलं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझी मान थोडी आखडली, कारण 'आशिया' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा मोठा कारखाना २०१४ च्या नोव्हेंबरात बंद पडला. तिथे हजारो लोक होते, त्यात खेड्यांतून आलेल्या तरुण मुली कितीतरी. सालोतून गेलेलं काम आमच्याकडेही टिकलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, त्या मुलींचं पुढे काय झालं? इथे मला हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच.

मग त्यांनी आण्णांच्या फोनबद्दल बारकाईने विचारलं. उन्हात किती तापमान असतं? खिशात ठेवतात की पिशवीत? फवारणीच्या औषधाने कीपॅडचा रबर चिकट होतो का? मी मोबाईल ऑटो स्टार्टरबद्दल सांगितलं, की आता शेतकरी घरी बसून फोन लावतो आणि विहिरीवरची मोटार चालू होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या नॅनो गणेश या अशाच यंत्रणेला २००९ साली नोकियाच्याच स्पर्धेत उगवत्या बाजारपेठांच्या गटातलं मोठं बक्षीस मिळालं होतं, हेही सांगितलं. हे ऐकताना त्यांचा चेहरा जसा फुलला तसा मी इथल्या कुठल्याच माणसाचा कधी पाहिला नव्हता.

याच देशात सावोनलिन्ना गावी २००० साली मोबाईल फेकण्याची जागतिक स्पर्धा सुरू झाली. जुना फोन जास्तीत जास्त लांब भिरकावायचा. काही वर्षांपूर्वी मैत्रिणीने मला त्याचे व्हिडिओ दाखवले, सगळे हसत होते. मला पाहवलं नाही. ज्याच्यावर आईने हळद-कुंकू वाहिलं ती वस्तू गवतात आपटताना बघणं मला जमत नाही. कुणी याला भाबडेपणा म्हणेल, पण पाय लागला तर आपण पुस्तकाला नमस्कार करतो, फोनलाही करतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

माझ्या घरी ११०० चालू असण्याचं कारण मात्र भावनेचं नाही. तो ओटीपीसाठी आहे. भारतातला नंबर त्याच्यात आहे, नॅनो सिम अडॅप्टरमध्ये बसवून. इथे थ्रीजी बंद झालं, पण ज्यावर हा जुना फोन चालतो ते टूजी अजून आहे, म्हणून तासगावच्या बागेत घासून गुळगुळीत झालेला फोन टाम्पेरेत आपला मेसेज बरोबर पकडतो.

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे, तरी मन मोकळं करते. बँक, आधार, इन्कम टॅक्सचं रिटर्न, आण्णांच्या पीककर्जाला मी जामीन आहे ते कागद, सगळं त्या एका नंबरावर टांगलेलं. रिचार्ज राहिला, नव्वद दिवस नंबर वापरला गेला नाही की तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. रोमिंगमध्ये मेसेज कधी लगेच येतो, कधी मुदत संपल्यावर. माझ्या बँकेने नंबर बदलायचा तर शाखेत प्रत्यक्ष या असं सांगितलं. मी कुठून लिहिते आहे ते त्यांना ठाऊक होतं, पत्ता त्यांच्याकडेच होता. मी रीतसर पत्र पाठवलं, दूतावासाचा शिक्का आणला, उत्तर तेच. २०२३ मध्ये दहा देशांतल्या नंबरांना यूपीआय खुलं करायचं ठरलं, त्या यादीत अमेरिका होती, सिंगापूर होतं, फिनलंड नव्हतं. आपण इथे संख्येने थोडे, पण खाती आमचीही आहेत, आईबापही आमचेच आहेत.

इथे बँकेच्या एकाच ऑनलाइन ओळखीवर डॉक्टर, टॅक्स, शाळा सगळं उघडतं. सोपं आहे, सुरक्षित आहे, मान्य. पण ती ओळख मिळेपर्यंत नव्या माणसाला सगळी दारं बंद. मी आले तेव्हा कित्येक आठवडे साधी कामंसुद्धा दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नव्हती. ऑफिसमधल्या एकाने मला ऐकवलं की एसएमएसवर बँकेचा कोड पाठवणं मागासलेलं आहे. मी त्याला सांगितलं, तो कोड सगळ्यात स्वस्त फोनवरही येतो. २०२२ पासून बटणाच्या फोनवरून यूपीआयसुद्धा करता येतं. एवढ्या मोठ्या देशात शेवटच्या माणसाच्या हातातल्या फोनपासून विचार सुरू करणं ही अक्कल आहे, आणि एकेकाळी ती तुमच्याच लोकांना होती. पुढे तो काही बोलला नाही. माझा आवाज चढला असेल तर चढू दे.

मधे माझा विंडोजवर चालणारा एक ल्युमिया फोन झाला, कॅमेऱ्याने उत्तम. २०१९ संपता संपता त्याच्यावर व्हॉट्सॲप बंद झालं आणि घरच्यांशी बोलणंच अडलं म्हणून सोडावा लागला.

आण्णांना मी स्मार्टफोन दिला तेव्हा भावकीतले बरेच बोलले, या वयात कशाला. मी दिला आणि योग्यच केलं. नात डोळ्यांसमोर वाढताना दिसते, बेदाण्याचे सौद्याचे भाव ग्रुपवर येतात, पानावर डाग दिसला तर फोटो काढून सल्ला विचारता येतो. इतक्या लांब राहून मुलगी आणखी काय करू शकते? मात्र मोटार चालू करायला ते बटणाचाच फोन वापरतात, कारण ओलं बोट काचेवर चालत नाही. सध्याचा त्यांचा बटणाचा फोन खालावलाय.

काल रात्री त्यांना पिशवीची गोष्ट सांगितली. आजोबांना नमस्कार सांग म्हणाले, आणि लगेच, "तिथनं येताना बॅटरीवाला फोन घेऊन ये, बटण दाबलं की लागणारा. तिथलाच पाहिजे." मी सांगितलं, आण्णा, आता ते फोन इथे बनत नाहीत, ते नाव लावलेले बटणाचे फोन आपल्याकडेच तयार होतात, तासगावच्या पेठेत दादाला पाठवा. त्यांना काही ते पटलं नाही.