घोळणा

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत नाकातून रक्त आलं म्हणून कुणी डॉक्टरकडे धावत नाही. डोक्यावर ओला पंचा टाकतात, फोडलेला कांदा हुंगायला देतात आणि म्हणतात, घोळणा फुटला. बहुतेकदा ते बरोबरच असतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात एक मामा भाच्याला घेऊन आले. मागून आजी. पोरगा पंधरा वर्षांचा, सणाला आईबरोबर आजोळी आलेला. झोक्यावर असतानाच रक्त सुरू झालं, ते नवा शर्ट भिजवूनच थांबलं.

"कुठल्या नाकपुडीतून?"

"डावीतून."

"दर वेळी डावीतूनच?"

त्यानं मान हलवली. आजींना माझी चौकशी काही पटेना. "साहेब, उन्हायामा बठ्ठास्ना घोयना फुटस. हाई काय नवं से का?"

पोरगा तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. तो 'मामा' म्हणाला की 'बाबा' ऐकू येत होतं. एवढ्यात मामांनी पिशवीतून जुना केसपेपर काढला. तारीख नोव्हेंबरची, अक्षर माझं. 'नाक कोरडं. मलम.' बाहेर गर्दी असणार, मी नुसत्या दिव्यानं पुढचा भाग पाहिला असणार. पण नोव्हेंबरात कसलं आलंय ऊन? तो कागद मी दोनदा वाचला. मामा काही बोलले नाहीत, हे अधिकच लागलं.

या वेळी दुर्बीण घातली. डाव्या नाकाच्या अगदी मागे गुळगुळीत, लालसर-जांभळी गाठ, श्वासाची वाट बुजवून बसलेली. सिस्टरांनी सवयीनं तुकडा काढायचा चिमटा पुढे केला. मी म्हटलं, "ठेवा तो आत."

वयात येणारा मुलगा, एकाच बाजूचं रक्त, त्याच बाजूचं बंद नाक आणि मागे अशी गाठ, म्हणजे अँजिओफायब्रोमा. दुर्मीळ, आणि जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होणारा. कॅन्सर नव्हे, पण रक्तवाहिन्यांचा गुंताच तो. त्या वाहिन्यांच्या भिंतींत आकसायला पुरेसे स्नायू नसतात, त्यामुळे तुटल्या की आपणहून मिटत नाहीत. खुर्चीवर बसवून तुकडा काढला असता, तर पुढचं मला निस्तरता आलं नसतं.

सीटीमध्ये खूणही मिळाली. गालातल्या सायनसची मागची भिंत पुढे वाकली होती, बोटानं दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी. गाठ नाकाच्या मागच्या बाजूच्या एका छोट्या छिद्रापाशी उगवून गालामागच्या पोकळीत शिरत होती. मेंदूकडे किंवा डोळ्याकडे गेली नव्हती.

नाशिकला माझे जुने सर आहेत, त्यांच्याकडे गेलो. सोमवारी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी सूक्ष्म कणांनी बुजवली. ऑपरेशन बुधवारी. यात फार दिवस घालवून चालत नाही, शरीर नव्या वाटा काढतं. रक्त द्यायला गावाकडून एक क्रूझर भरून पोरं आली होती. त्यातल्या दोघांना सुईची भीती वाटली, म्हणून ते नुसते चहा पिऊन बसले.

ऑपरेशन दुर्बिणीतून, नाकाच्या वाटेनंच. चेहऱ्यावर एकही टाका नाही. भूल देणाऱ्या मॅडमनी रक्तदाब खाली धरून ठेवला होता. सरांनी सायनसची मागची भिंत कुरतडून काढली आणि गालामागची धमनी क्लिप लावून बंद केली. मग गाठ सोडवत सोडवत तोंडाच्या वाटेनं अख्खी बाहेर. मला वाटलं, संपलं. सर म्हणाले, "ड्रिल दे." जिथून ती उगवते, तिथल्या हाडात तिची मुळी राहते आणि पुढे तीच पुन्हा वाढते. गाठ निघाल्यानंतरचा पाऊण तास त्या हाडातच गेला. रक्ताची एकच पिशवी लागली.

सहा महिन्यांनी एमआरआय केला, स्वच्छ निघाला. पोरगा आता 'मामा'ला मामाच म्हणतो.

आजींनी मात्र गावभर सांगितलं, "डाक्टरनी घोयनाच काढी टाका." पुढच्या आखाजीला तीच क्रूझर दारात उभी. आत अकरा पोरं, सगळ्यांचे घोळणे फुटलेले. अकराही जणांच्या नाकात दुर्बीण घातली. सगळे उन्हाचेच निघाले. मलम दिलं.