सी-१ची नोटीस आणि माझा मूड चार्ट

मंगळवार

पालिकेने आमच्या जिन्यातही नोटीस चिकटवली. इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ निघाली असती तर दुरुस्तीवर भागलं असतं. आमच्या स्वयंपाकघरात छताची सळई उघडी पडली आहे आणि तिच्याखाली मी रोज पोळ्या लाटते, तेव्हा नोटीस खोटी म्हणायला तोंड नाही. २०२० साली भिवंडीत जिलानी बिल्डिंग पहाटे कोसळली, कितीतरी माणसं गेली. आमची त्याहून काही भक्कम नाही.

संध्याकाळी गच्चीवर मीटिंग झाली. मालकांना पुढेमागे नव्या इमारतीत जागा मिळेल, पागडीवाल्यांचाही हक्क आहे. माझ्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारवाल्यांचा विषयच निघेना, म्हणून मी उठून विचारलं की आमचं डिपॉझिट कधी परत मिळणार आणि तोवर राहायचं कुठे? आवाज चढला होता, कबूल. मागून एक वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, गोळ्या घेतल्यात ना आज?"

प्रश्न तिथेच मेला. सगळे माझ्याकडे काळजीने बघायला लागले आणि डिपॉझिटचं कोणी बोलेचना.

डॉक्टरांनी मूड चार्ट भरायला सांगितलाय. उणे तीन म्हणजे अंथरुणातून उठवत नाही, अधिक तीन म्हणजे मॅनिया, मन बेफाम धावतं, मध्ये शून्य. आज काय लिहू? मला बायपोलर आहे, मन कधी खोल खाली तर कधी बेफाम वर जाणारा आजार, आणि असा आजार असलेल्या बाईला राग आला की तो लक्षणात जमा होतो. तोच राग शेजारच्या पाटीलकाकांना आला तर "माणूस स्पष्टवक्ता आहे." मी शून्य लिहिलं आणि पुढे पेनने लिहिलं, 'राग. कारण आहे.'

शुक्रवार

नळ तोडला, वीजही. लोकांनी बाहेर पडावं म्हणून असंच करतात. वीज गेली म्हणजे माझं पिको मशीन बंद. फॉल हाताने लावता येतो, पण पिकोशिवाय साडी कोण घेणार? आठ-दहा साड्या पिशवीत तशाच पडल्यात आणि लग्नसराई संपत आली.

पाण्याचं मात्र वेगळंच झालं. हंडा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा म्हणून सगळेच पाणी बेतानं वापरतो, आणि मी तर पितेही बेतानं, कारण संडासाला टाकायलाही तेच पाणी. मे महिन्याचा घाम. लिथियमचं, म्हणजे या आजारावरच्या माझ्या गोळीचं, गणित असं आहे की अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. औषध तेच, गोळ्या तेवढ्याच, तरी ते विषासारखं वागायला लागतं. काल सुईत दोरा ओवता येईना. हात नेहमीच थोडे थरथरतात, पण हे तसं नव्हतं, बोटं झटके दिल्यासारखी हलत होती. जुलाबही झाले. आई म्हणाली पाण्यात काहीतरी असेल.

मला शंका आली म्हणून ओपीडी गाठली. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, म्हणून सकाळची गोळी न घेता गेले. रिपोर्ट १.३ आला. माझा एरवी ०.८च्या आसपास असतो. डॉक्टरांनी डोस उतरवला, पुन्हा रक्त तपासायला बोलावलं आणि विचारलं, "पाणी का कमी पिताय?" मी नोटिशीचं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर तेही लिहिलं, हे मला फार आवडलं. सामान उचलून कंबर धरली तर ब्रुफेन घ्यायची नाही, तिनेही पातळी चढते, पॅरासिटामॉल चालेल, हे त्यांनी दोनदा बजावलं.

रविवार, बदलापूर

भावाकडे आलो. वन आर के. तो, वहिनी, दोन मुलं, त्यात आई, मी आणि गॅलरीत प्लास्टिकखाली माझं मशीन. वहिनीने एका शब्दाने दुखावलेलं नाही. उलट रात्री माझ्या उशाशी पाण्याची बाटली ठेवते. पण बाराशिवाय दिवा मालवत नाही, भावाची सेकंड शिफ्ट, तो रात्री एक वाजता येऊन जेवतो, आणि साडेचारला पहाटेच्या लोकलसाठी शेजाऱ्यांची दारं वाजायला लागतात.

मला घर लागतं ते मुख्यतः दहा वाजता दिवा बंद करायला, हे कुणाला समजावून सांगावं? माणसांना वाटतं छप्पर मिळालं, जेवण मिळतंय, आता काय. या आजारात झोप हीच अर्धी दवा आहे. दोन-तीन रात्री मोडल्या की गाडी रुळावरून घसरायला लागते. गरिबाच्या घरात तर पहिली झोपच जाते, अन्न त्याच्या बऱ्याच नंतर.

एक खूण मी इतक्या वर्षांत शिकले आहे. चार तास झोपून डोळे चुरचुरले, चिडचीड झाली तर ते साधं जागरण. चार तास झोपून तरतरी आली, भराभर बेत सुचायला लागले तर धोका. आज पहाटे मला बदलापुरात पिकोचं दुकान, मग दोन मशीनं, मग हाताखाली मुली, असं सगळं लखलखीत दिसलं. झोप मोडलेली असून थकवा नव्हता. चार्टवर अधिक एक लिहिलं आणि १४४१६ला फोन लावला. टेलिमानसवर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, एक मुलगी मराठीत बोलली, घाई नव्हती तिला. सोमवारची वाट न बघता डॉक्टरांना कळवा म्हणाली. कळवलं. रात्रीची एक गोळी वाढली, आणि वहिनीने स्वतःहून मुलांना दहाला टीव्ही बंद करायला लावला. भाऊ आता गॅलरीत बसून जेवतो. मशीनशेजारी.

बुधवार

कागदपत्रांचा दिवस. संजय गांधी निराधार योजनेसाठी दिव्यांग प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, चाळीस टक्क्यांच्या वरचं. ते काढताना स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार गोष्टींचे गुण पाडले होते. बरी असताना गेलं की कमी पडतात, आजारी असताना जायची ताकद नसते.

आता पत्ता बदलणार म्हणून तहसीलही बदलेल. दिव्यांगांना या अनुदानासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. सकाळी एजंटने दाखवलेल्या खोलीचं डिपॉझिट होतं ५० हजार. वर्षभरात जेवढं कमावलं तर मी गरीब उरत नाही, तेवढं मी दाराची किल्ली हातात पडायच्या आधी एकरकमी मोजायचं! तहसीलच्या बाकावर बसून मला हसू फुटलं. शेजारचे आजोबा बघायला लागले, मग गप्प बसले.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात बेघरांना सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क दिलाय, बीपीएल कार्ड नसलं तरी. चांगलंच आहे. औषधाची सोय झाली, पण औषध घेऊन झोपायचं कुठे याचं उत्तर कुठल्या खिडकीवर मिळतं ते अजून सापडायचंय.

शनिवार

अंबरनाथला एक खोली बघितली. तळमजला, मोरी आत, दोन वेळ पाणी. एजंटचा पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" मी म्हटलं, मी पिको-फॉल करते. आजाराचं सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. करारात भाडं आणि वीजबिल लिहितात, रक्ताचे रिपोर्ट लिहीत नाहीत.

मालकीणबाई वर राहतात. मशीनचा आवाज किती, रात्री कधीपर्यंत चालवता, असं विचारलं. आठला बंद करते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग हरकत नाही. आमच्याकडे दहाला सामसूम असते, उशिरा येणारे भाडेकरू मी ठेवत नाही." मला त्यांना मिठी माराविशी वाटली. मारली नाही, चार्टचा विचार करून.

डिपॉझिट तीस हजारांवर आणलं. जुन्या घरमालक काकांनी माझ्या डिपॉझिटचा पहिला हप्ता परत दिलाय, भाऊ थोडे देतोय, तरी कमी पडतात. रात्री आईला म्हटलं, तुझ्या पाटल्यांतली एक सोनाराकडे ठेवते, दिवाळीपर्यंत सोडवते. आईने दोन्ही काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"दोन्ही ने. एकच हातात बरी दिसत नाही."