किट कधी काढणार? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या माइक प्रीॲम्पचं, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या खोक्याचं, घरी जोडायचं किट कधी काढणार? गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बोर्ड तयार आहे, ट्रान्सफॉर्मर पुण्यात वाइंड होतो, ऐकलेल्यांना आवाज आवडलाय, मग किट काढायला अडलंय कुठे? मी आजवर "वेळ नाही हो" म्हणत आले. ते खरं नव्हतं. वेळ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती मला लागली आहे. "सर्किट स्वतःकडेच ठेवायचं असेल तर तसं सांगा," असं एकाने लिहिलं होतं. मी काही दडवलेलं नाही. नीव्ह १०७३ या जुन्या, नावाजलेल्या प्रीॲम्प मॉड्यूलचं सर्किट कित्येक वर्षं लोकांच्या हातात आहे आणि माझ्या मॉड्यूलचा सांगाडा तिथलाच आहे: वीजपुरवठ्याची २४ व्होल्टची एकच रेल, क्लास ए (ट्रान्झिस्टरमधून करंट सतत चालू), शेवटी २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणि त्याच्यापुढे एअर गॅपचा, म्हणजे कोअरमध्ये बारीक फट ठेवलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. इक्यू, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करणारा भाग, घेतलेला नाही. ज्याने मागितला त्याला मी सर्किटचा कागद दिलाय आणि पुढेही देईन.

ट्रान्सफॉर्मरमुळे अडलंय असंही नाही. तो तर या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग. पहिल्या दोन नगांवर तंबोऱ्याचा खर्ज आला की आवाज चेपायचा. आउटपुट ट्रान्झिस्टरचा सत्तरेक मिलिअँपिअर डीसी सतत प्रायमरीतून जातो, त्याने लोखंडी कोअर चुंबकत्वाने आधीच भरून गेलेला असायचा. बुधवार पेठेत जिन्याखालच्या खोलीत वाइंडिंग करणारे एक काका आहेत, त्यांना मी हे कागदावर आकृत्या काढून समजावत होते. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे चोकसारखं म्हणा की, ताई." एरवी कोअरच्या ई आणि आय आकाराच्या पट्ट्या ते एकाआड एक उलटसुलट बसवतात. या वेळी सगळ्या ई एका अंगाला घेतल्या, सगळ्या आय दुसऱ्या अंगाला, मधे ब्लेडने कापलेली कागदाची पट्टी ठेवली आणि क्लॅम्प आवळला. झालं एवढंच. घरी येऊन लावला तर खर्ज मोकळा. तेवढ्या कागदावर तो आवाज उभा आहे. त्या रात्री मी ठरवलं होतं की हे किट निघालंच पाहिजे.

मग मिरज झालं.

तिथे माझ्या एका मित्राचा छोटा स्टुडिओ आहे. तंतुवाद्यं आणि गायन, बाकी तो फारसं काही करत नाही. त्याच्यासाठी मी दोन चॅनेलचं खोकं बनवलं. पुढच्या पट्टीवर जागा कमी होती म्हणून फँटमला, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच दिल्या जाणाऱ्या ४८ व्होल्टच्या पुरवठ्याला, दोन्ही चॅनेल मिळून एकच स्विच ठेवला. हे खुपलं होतं मला तेव्हाही. पण कित्येक जुन्या मिक्सरवर सगळ्या चॅनेलना एकच फँटम असतो, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

एके दुपारी त्याचा फोन आला. एक बाई मुलतानी गायला आल्या होत्या. त्याला गळ्याला त्याचा जुना रिबन माइक लावायचा होता आणि तंबोऱ्याला कंडेन्सर. "अगं, एकच स्विच आहे. कंडेन्सरला ४८ व्होल्ट दिले की रिबनलाही जाणार. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

कारणही सांगितलं, अगदी मास्तरीण असल्यासारखं. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटमध्ये फँटम २ आणि ३ नंबरच्या पिनवर सारख्याच ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतो. दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, म्हणजे माइकच्या ट्रान्सफॉर्मरमधून करंट जाणारच नाही. वायरिंग नीट असेल तर रिबनला धक्का लागत नाही. यातला शब्द न् शब्द आजही बरोबर आहे.

चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन. "रिबन बोलेना."

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "केबल बदलून बघ."

केबलमध्ये काहीच नव्हतं. खोकं परत आलं तेव्हा मी मागची पट्टी उघडली आणि भिंग लावून एक्सएलआरच्या सॉकेटकडे बघत बसले. शिल्डच्या, म्हणजे तारांभोवतीच्या अर्थला जोडलेल्या जाळीतली केसाएवढी एक तार पिळातून सुटून ३ नंबरच्या पिनकडे वळली होती. पट्टी उघडी असताना ती पिनपासून दूर राहायची. पट्टी बसवून स्क्रू आवळले की टेकायची, आणि खोकं जरा हललं की सुटायची. मी दोन्ही पिनवरचे ४८ व्होल्ट मोजले होते, पण पट्टी बसवण्याच्या आधी. बसवल्यावर मोजले नाहीत.

पट्टी बसवल्यावर मी एसएम ५८ माइक लावून ऐकलंसुद्धा होतं. आवाज पूर्ण आला. यायचाच, कारण इनपुटला ट्रान्सफॉर्मर असला की एक बाजू अर्थला टेकली तरी सिग्नल तितकाच पोचतो, फक्त थोडा हम, म्हणजे विजेची घुमघुम, वाढतो. तो हम मला ऐकू आला होता. येत होता, जात होता. घरातल्या वायरिंगचा म्हणून मी तो सोडून दिला. ज्या ट्रान्सफॉर्मरचं मी सगळ्यांना कौतुक सांगते त्यानेच माझी चूक झाकून ठेवली.

पुढचं गणित साधं आहे. ३ नंबर अर्थला टेकला की फँटमचा करंट माइकच्या ट्रान्सफॉर्मरमधून वाट काढतो. फार तर सात मिलिअँपिअर. पण माइकमधला ट्रान्सफॉर्मर मग उलटा काम करतो आणि रिबनच्या बाजूला तो धक्का कित्येक पटींनी मोठा होऊन पोचतो. रिबन म्हणजे ॲल्युमिनियमची एखाद-दोन मायक्रॉन जाडीची पट्टी, चुंबकाच्या फटीत सैलसर लटकलेली. तार टेकूनच राहिली असती तर कदाचित एका झटक्यावर निभावलं असतं. ती टेकत-सुटत राहिली.

मित्र रागावला नाही. रिबन बदलून यायला पाच महिने गेले, पैसे मी दिले, त्याने मुकाट्याने घेतले. त्या बाई महिनाभराने पुन्हा येऊन कंडेन्सरवर गायल्या. ते रेकॉर्डिंग मला अजून सलग ऐकवत नाही.

तेव्हा किटचं विचारता ना, तर हे आहे. चार वर्षांपूर्वी एका कार्यशाळेच्या टिपणात मी लिहिलं होतं की ज्याला सोल्डरिंग येतं त्या प्रत्येकाने प्रीॲम्प बनवावा. जुन्या १०७३ चे भाव लाखांत आहेत, तो आवाज फक्त पैसेवाल्यांपाशी का राहावा? ते टिपण लिहिणारी बाई, म्हणजे तेव्हाची मी, चुकीचं बोलत होती असं मला आजही म्हणता येत नाही. पण मला तिला विचारायचंय: ते मॉड्यूल १९७० मध्ये ज्या स्टुडिओसाठी बनलं, तशा ठिकाणी देखभालीला माणूस असायचा. हम आला की त्याच्या मागे लागणं हे त्याचं कामच होतं. आपलं किट ज्या खोलीत जाणार तिथे ते कोण करणार? आणि पन्नास जणांच्या पन्नास सॉकेटमधल्या तारा कोण बघणार?

यावर ती म्हणेल की मग चांगली माहितीपुस्तिका लिही, दोन स्विच दे, तार पिळण्याचा फोटो टाक. बरोबर आहे. मी लिहायला घेतलीही आहे. अकरा पानं झाली आहेत, त्यातली चार फक्त एक्सएलआरवर. मग मनात येतं, मला हे सगळं ठाऊक होतं. अकरा पानं माझ्या डोक्यात होती, तरी मी पट्टी बसवून मोजलं नाही. आणि पुन्हा वाटतं, अशाने कुणी कधी काहीच कुणाच्या हाती देऊ नये का? काकांनी मला कागदाची पट्टी घालून दिली तेव्हा त्यांनी तरी कसली हमी घेतली होती?

आता खोक्याला दोन स्विच आहेत. त्यासाठी पुढची पट्टी नवी कापून घेतली, मागच्या सॉकेटच्या तारांवर स्लीव्ह चढवली. मित्र दर महिन्याला विचारतो, "पाठवतेस ना? तंबोरा त्याच्यावरच बरा वाजतो." परवा रात्री स्क्रू आवळले, खोकं उलटं केलं, हलवलं, पुन्हा मोजलं. २ नंबरवर ४७.९, ३ नंबरवर ४७.९. कुरिअरचा पत्ता लिहून चिकटवलाय. खोकं अजून टेबलावर आहे.