बारं

२०१५-१६ च्या हंगामात मी वाळवा तालुक्यात एका साखर कारखान्याचा चिटबॉय होतो. लोकांना वाटतं, चिटबॉय म्हणजे चिठ्ठ्या फाडणारा. खरं काम तोडीवर लक्ष ठेवायचं, बुडख्यांचं. साखर उसाच्या बुडाकडं जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत पाहिजे. चार बोटं बुडखा मागं राहिला की शेतकऱ्याचं वजन जातं, कारखान्याचा साखरेचा उतारा जातो, तोडलेल्या बुडातून पुढं येणारा खोडवाही नीट फुटत नाही. पाचट पायानं सारून, वाकून वाकून फड बघावा लागतो.

ऊसतोडीच्या टोळीत जालन्यातल्या अंबडकडचं एक जोडपं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहिलाच हंगाम, त्यामुळं बुडखे राहायचे. "शेतकऱ्याच्या पोटचा ना तू?" असं मी त्याला चारचौघांत बोललो होतो. त्याची दोन एकर मोसंबी होती, सव्वादोनशे झाडं, हे मला नंतर कळलं. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर विकत घेऊन त्यानं ती जगवायला बघितली. शेवटी सरपणाला तोडली. पुढं २०१४ आणि २०१५ही कोरडीच. मग टोळीच्या मुकादमाकडनं पन्नास हजार आगाऊ उचल घेतली.

फेब्रुवारीत मोटारीची लाईट रात्रीची होती. फडाशेजारच्या रानाचा मालक मोटार चालू करून घरी जाऊन झोपला. सऱ्या भरल्या, पाणी रस्त्यावर आलं. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झोपलेल्या या अंबडच्या माणसाला त्या आवाजानं जाग आली. मालक बॅटरी घेऊन आला तेव्हा हा कोयता घेऊन सरीत उभा. आमच्याकडं मोटारीच्या केबली चोरीला जातात. मालकानं थोबाडीत दिली.

"म्या बारं मोडलं, दुसरं काई नाई," एवढंच तो म्हणत होता. भरलेली सरी बांधून पाणी पुढच्या सरीत वळवायचं, त्याला आम्ही दारं म्हणतो, ते तिकडं बारं.

मी उजाडताना पोचलो. भरलेल्या पाच सऱ्यांची तोंडं चिखल-पाचटानं बंद केलेली, चिखलावर बोटांचे वळ तसेच. पाणी पुढच्या कोरड्या सऱ्यांत गुमान चाललेलं. हातात कसब असल्याशिवाय अंधारात असं काम होत नाही. मला ते दिसलं. मालकालाही दिसलंच असणार. पण त्याचा फोन शेती अधिकाऱ्यापर्यंत गेला होता, आणि मी फक्त म्हणालो, "जाऊ दे, कामाला लाग." मुकादमानं त्याला कामावर घेतलं नाही, वर दिवसाचा खाडा लावला. मी तेही ऐकून घेतलं.

रात्रभर पाणी सोडून झोपणाऱ्याला आमच्याकडं कुणी जाब विचारत नाही. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या छात्या फुगल्या होत्या.

दोन दिवसांनी ट्रॉली भरायला रात्री फडात होतो. पाणी पुन्हा रस्त्यावर आलं. तो कोपीच्या तोंडाशी जागाच बसला होता, उठला नाही. बायको घागर घेऊन रस्त्यावर गेली, तांब्यानं चाकोरीतलं पाणी भरत बसली.