बुरूज नंबर चार: सांधा एकदाचा गायब झाला

मंडळी, झालं एकदाचं. 28 मिमीच्या छोट्या शिपायांच्या वेढ्याच्या खेळासाठी मी फोमचा मध्ययुगीन किल्ला बनवतोय, बुरूज म्हणजे नळीवर गुंडाळलेली चिरे कोरलेली फोमची पट्टी, आणि पट्टीची दोन टोकं जुळतात तो सांधा. काल रात्री साडेबारा वाजता चौथा बुरूज टेबलावर ठेवला, टेबल लॅम्प अगदी कडेला धरून चारही बाजूंनी फिरवून बघितला आणि मला स्वतःला सांधा सापडला नाही. मीच कापलेला, मीच चिकटवलेला, आणि मलाच सापडेना! शेवटी तळाशी पेन्सिलने केलेली खूण बघून कळलं कुठे आहे ते. दीड महिना या एका गोल बुरुजात गेलाय, त्यामुळे आजचं अपडेट जवळजवळ सगळं त्याच्यावरच आहे, तटाचं आणि गेटहाउसचं (किल्ल्याच्या दरवाजाच्या इमारतीचं) शेवटी दोन ओळींत उरकतो.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना माहितीये की मला बुरूज पूर्ण गोल आणि सुटा हवाय. बरेच जण म्हणाले की बाबा सांधा तटाच्या मागे लपव, बुरूज तटाला जिथे चिकटतो तिथे कोण बघतंय. बरोबर आहे, पण माझे तटाचे तुकडे सुटे आहेत, आज सरळ रेषेत, उद्या काटकोनात, परवा वेढ्याच्या खेळात एक बुरूज एकटाच टेकडीवर. म्हणजे बुरुजाला मागची बाजू अशी नाहीच. सांधा कुठेही ठेवला तरी कधी ना कधी तो समोर येणार आणि नेमका मीच समोर बसलेलो असणार.

पहिल्या बुरुजाची चूक आता सांगायलाही लाज वाटते. 110 मिमीचा पीव्हीसी पाइप, त्यावर 5 मिमीचा एक्सपीएस, म्हणजे दाट कडक फोम, गुंडाळायचा. पाइपचा घेर काढला, 346 मिमी, तेवढी पट्टी कापली, निवांत बसून सगळे चिरे कोरले, गुंडाळली, आणि 15 मिमीची फट! फोमला जाडी असते हे डोक्यातच आलं नाही. वाकवताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, लांबी कायम राहते ती साधारण मधल्या थराची. म्हणजे व्यास 110 नाही, 115 धरायचा, आणि घेर 361. फोमप्रमाणे एखाद दोन मिमी इकडेतिकडे होतं म्हणून आधी रद्दी तुकड्यावर करून बघा, पण 15 मिमी चुकत नाही. मी त्या फटीत एक पट्टी ठोकली आणि बुरुजाला वरपासून खालपर्यंत पॅन्टची शिलाई आली.

दुसऱ्याला माप बरोबर घेतलं. तरी सरळ उभा सांधा दिसतोच, कारण खऱ्या बांधकामात सांधमोड असते, एका थराचा उभा सांधा वरच्या चिऱ्याच्या मधोमध येतो, आणि आपण 25 थरांमधून एक सरळ सुरी फिरवलेली असते. डोळा बरोबर तिथेच जातो. पण दुसरा त्याच्याही आधी मेला. पांढरा गोंद लावला, रबर बँड लावले, तीन दिवसांनी रबर काढले तर पट्टी अलगद सुटून हातात आली आणि आत गोंद दुधासारखा पांढराशुभ्र ओला. पीव्हीए, म्हणजे हाच पांढरा गोंद, वाळतो म्हणजे त्यातलं पाणी निघून जातं, आणि इथे एका बाजूला प्लॅस्टिकचा पाइप, दुसऱ्या बाजूला बंद पेशींचा फोम, पाणी जाणार कुठे? कडेने दोन सेंटीमीटर वाळला होता फक्त.

तिसऱ्याला म्हणून शहाणपणा केला आणि पॉलियुरेथेनचा गोंद आणला, जो ओलाव्यावर सेट होतो, हवा लागायची गरज नाही. चिकटतो, वादच नाही. पण फुगतो! सकाळी बघतो तर सांध्यातून पिवळा फेस बाहेर आलेला आणि फेसाने ढकलून सांधा 3 मिमी उघडलेला, वर एक चिरा तर कोपऱ्यातून उचलला गेलेला. तो फेस कापताना फोमचे लचके निघाले. त्या दिवशी मी हॉबी रूमचं दार लावून घेतलं आणि आठवडाभर नुसते धनुर्धारी रंगवले.

चौथ्याची कल्पना चिरे कोरताना नाही, जॅकेटची चेन लावताना आली, खरंच. सांधा सरळ कापायचाच कशाला? चिऱ्यांच्या सांध्यावरूनच कापायचा. पट्टीचं एक टोक दात्यादात्यांचं, दुसरं त्याला बरोबर उलट, आणि गुंडाळल्यावर दाते एकमेकांत बसतात. कापलेली रेघ सगळीकडे दर्जेतूनच, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या रेघेतूनच जाते, मग ती दिसली तरी दर्जच दिसते.

पण यासाठी हिशोब चोख लागतो, कारण थरात पूर्ण चिरेच बसले पाहिजेत, अर्धामुर्धा चालत नाही. यावेळी पाइप सोडून 100 मिमीची पुठ्ठ्याची नळी घेतली (पुठ्ठा पाणी शोषतो, गोंद रात्रीत वाळतो, एवढी साधी गोष्ट). मधला व्यास 105, घेर 330, चिरा 22 मिमी लांब, म्हणजे बरोबर 15 चिरे. थराची उंची 8 मिमी, 25 थर, 200 मिमी उंच. एकाआड एक थर 11 मिमी सरकवलेला, म्हणून दाते 11 मिमीचे आणि पट्टी सुरुवातीला 341 मिमी कापायची. गुंडाळल्यावर बाहेरून चिरा 23च्या आसपास दिसतो, छान दिसतो.

आता हात कसा चालवला ते. फोमची वरची गुळगुळीत साल आधी काढून टाकली, दोन्ही बाजूंनी, सालीसकट वाकवला तर टचकन मोडतो. मग दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघायचं, शीट एका दिशेने जास्त ऐकतं, ती दिशा घेराची ठेवायची. रेघा आधी पेन्सिलने, मग सुरीने जेमतेम 1 मिमी खोल, मग बॉलपेनने रुंद करायच्या. सुरीशिवाय नुसतं बॉलपेन फिरवलं तर कडा फाटतात. उभे सांधे जरा कमी खोल ठेवा, कारण वाकवल्यावर ते आपोआप उघडतात, मी पहिल्या पट्टीत सारख्याच खोलीचे केले होते तर दोन ठिकाणी तिथूनच तडा गेला. फॉइलचा बोळा फिरवून पोत दिला, पाच-सात चिरे आत दाबले, एक दोन कोपरे उडवले. मग पट्टी मांडीवर ठेवून बाटलीने लाटत लाटत गोलाई आणली, हेअर ड्रायर लांबून. दहा मिनिटं घाई न करता. गोलाई आधी आली असेल तर गोंदाला जोर लावावा लागत नाही, तो नुसता धरून ठेवतो.

दाते कापायला नवीन पातं. हे मी आता धर्म म्हणून पाळतो, प्रत्येक दहा-बारा दात्यांनंतर पात्याचा तुकडा मोडायचा. बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं, आणि ओढलेला दाता कधीच नीट बसत नाही. तो शेवटचा दाता चौदाव्या थरात अडकला होता तेव्हा टोकाच्या चिमट्याने ढकलला आणि टक् असा बारीक आवाज आला ना, तो आवाज ऐकायला मी तीन बुरूज घालवले असं समजतो.

चिरे छापणारे टेक्स्चर रोलर मला बरेच जण सुचवतात म्हणून एकदाच सांगतो, सपाट तटाला ठीक, पण गोल बुरुजाला त्यांची नक्षी घेरात पूर्ण बसत नाही, आणि दर काही सेंटीमीटरला तोच खोबणीचा चिरा परत येतो. एकदा तो दिसला की मग तोच दिसतो. त्यापेक्षा हाताने कोरलेलं वाकडंतिकडं बरं.

पायथ्याचा उतार, जिथे बुरूज खाली पसरत जातो, तिथेही हीच युक्ती चालली. हा शंकूचा तुकडा आहे, म्हणून पट्टी सरळ नाही, कमानीसारखी कापावी लागते. माझी मापं: मधल्या जाडीवर वरचा व्यास 115, खालचा 155, उंची 60. उतारावरची लांबी साधारण 63 येते, मग मोठ्या कमानीची त्रिज्या 245, छोटीची 182, आणि कोन 114 अंश. इथे उभे सांधे कमानीच्या केंद्राकडे जातात, चिरा म्हणजे 7.6 अंश, तसेच 15. दाते अर्ध्या चिऱ्याचे, म्हणजे 3.8 अंशाचे. कागदावर आधी कापून गुंडाळून बघितलं. पहिल्या फटक्यात बसलं, आणि मी उठून खोलीत एक फेरी मारून आलो.

आणि मग वर गेलो, चर्यांना (बुरुजाच्या माथ्यावरचे उभे ठोकळे) हात घातला, आणि लक्षात आलं की 15 हा विषम आकडा आहे.

एक चिरा चर्या, एक चिरा मोकळी जागा, असं करत गेलं तर शेवटी दोन चर्या शेजारी शेजारी येतात. म्हणजे 25 थर, 15 चिरे, सगळं मोजून मापून, आणि मुकुटावरच घोडं अडलं. अर्धा तास डोकं धरून बसलो, चिऱ्याची लांबी बदलून 16 करायचे तर सगळी पट्टी नवीन. मग सुचलं की चर्या एका चिऱ्याची असायलाच हवी असं कुठे लिहिलंय? दोन चिरे चर्या, एक चिरा खाच, तीनचा संच, 15 भागिले 3 बरोबर 5. पाच चर्या 44 मिमीच्या, पाच खाचा 22च्या. खऱ्या किल्ल्यांतही चर्या बहुधा खाचेपेक्षा रुंद असायच्या, तिच्यामागे माणसाला लपायचंय, त्यामुळे हे आधीपेक्षा जास्त खरं दिसतंय. चर्या 28 मिमीच्या शिपायाच्या डोक्यापर्यंत, खाचेचा उंबरा त्याच्या छातीच्या खाली, आणि आतल्या जागेत 25 मिमी बेसचे (पायाखालच्या चकतीचे) चार जण आरामात उभे राहतात. तटाच्या फांजीला, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेला, मी 40 मिमी रुंदी ठेवलीये, 30 वर बेस बसतो पण बोटं बसत नाहीत.

उंचीबद्दल एक विचारणा आली होती. 28 मिमीच्या शिपायांच्या 1:56 या स्केलला काटेकोर गेलं तर वेल्समधल्या कॉनवीसारख्या किल्ल्याचा 21 मीटरचा बुरूज 375 मिमी होतो. दिसायला भव्य, पण टेबलाच्या पलीकडचा खेळाडू दिसत नाही आणि कोपर लागलं की सगळं आडवं. 200 अधिक चर्या, बस.

आता रंग. इथपर्यंत लिहून मी नेहमीसारखं काळा-तपकिरी बेस, मग राखाडीचे तीन ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग) असं लिहिणार होतो. पण संदर्भासाठी परत बघत बसलो आणि कॉनवीपाशीच अडकलो. 1283 ते 1287 मध्ये बांधलेला, आज राखाडी दगड, पण मुळात भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि त्याचे अंश अजून सापडतात. लंडनचा व्हाइट टॉवरसुद्धा तिसऱ्या हेन्रीने 1240 मध्ये पांढरा करून घेतला. म्हणजे मी दीड महिना ज्या सांध्यांसाठी जीव काढला ते खऱ्या मालकाने गिलाव्याखाली गाडले असते!

हसू आलं खरं. आणि हसता हसता नजर कपाटावर गेली, जिथे एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर धूळ खात पडलेत.

तर प्लॅन बदलला. चौथ्याला गिलावा नाही, त्याच्यावर मी चुन्याचा एक थेंब पडू देणार नाही. पण पहिले तीन फेकायचे नाहीत, त्यांना गिलावा करायचा. शिलाईवर, लचक्यांवर, फुगलेल्या फेसावर सगळ्यावर हलका फिलर आणि पांढरा गोंद, जुन्या कडक ब्रशने टोचत टोचत, आणि जिथे कोरीव चिरे चांगले आलेत तिथे गिलावा निखळलेला दाखवायचा. थर पातळ हवा हं. खरा 2 सेंटीमीटरचा गिलावा या स्केलला अर्धा मिमीसुद्धा भरत नाही, म्हणजे शिलाई आधी घासून सपाट करावीच लागणार, ते काम काही सुटत नाही. रंग पांढराफटक नाही, मळकट साय, जंग्यांच्या (बाण मारायच्या भोकांच्या) खाली पाण्याचे ओघळ, पायथ्याशी हिरवट. आणि आधी गोंद मिसळलेल्या काळ्या रंगाचे दोन हात, मगच स्प्रे. उघड्या फोमवर स्प्रे मारला तर तो फोम खातो, तसं स्प्रेने खाल्लेलं माझं गेटहाउस आठवत असेलच जुन्या वाचकांना.

म्हणजे किल्ला अर्धा पांढरा आणि एक बुरूज उघड्या दगडाचा? हेच खटकत होतं, मग इंग्लंडमधला रॉचेस्टरचा किल्ला आठवला. 1215 मध्ये इंग्लंडच्या किंग जॉनने त्याच्या मुख्य बुरुजाचा कोपरा खालून भुयार खणून पाडला, भुयारातल्या लाकडी टेकूंना आग द्यायला 40 जाड्या डुकरांची चरबी मागवली होती, आणि नंतर तो कोपरा परत बांधला तेव्हा गोल बांधला, बाकीचे तीन कोपरे चौकोनीच राहिले. आजही एकच गोल दिसतो. तर माझा चौथा म्हणजे वेढ्यानंतर नवीन बांधलेला बुरूज, अजून गिलावा व्हायचाय, शेजारी लाकडी परांची, चुन्याची घमेली, दोन गवंडी. परांचीला काड्या लागतील आणि दोरा. गवंडी म्हणून दोन शेतकऱ्यांच्या हातातले भाले कापून थापी द्यावी म्हणतोय, मिलिपुट (कडक होणारी पुटी) पडलंच आहे.

तटाचं: सहापैकी चार तुकडे कोरून झाले, एक वाकला कारण मी एकाच बाजूला रंगाचा हात देऊन झोपलो. मागून तसाच हात दिला आणि वजनाखाली ठेवलाय, बऱ्यापैकी सरळ होतोय. गेटहाउसचे जोड बुरूज डी आकाराचे आहेत, त्यांची पाठ सपाट, तिथे दात्यांची गरज नाही, सांधा मागे लपतो. फक्त त्यांचे चिरे सम संख्येत मोजून घेतलेत यावेळी.

आत्ता एक नंबरची शिलाई घासून पहिला फिलर लावलाय. उद्या सकाळी परत घासायचाय, आणि बहुतेक परवाही.